मनगटाची फुगडी

आमच्या फेरातले किस्से म्हणजे शेण्यांचा हुडवा, गोवऱ्यांची रचलेली रास. खालची एक शेणी ओढायला जावं, तर वरच्या चार अंगावर येतात. कुणी तरी विचारतं, "चिमाबाई, तुमच्या गावच्या म्हाताऱ्या अजून फुगडी घालतात म्हणे?" मग मी एक सांगायला बसते आणि चुलीवरचं कालवण करपतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. आंबवड्याच्या शाळेत चौथी झालेय मी. अक्षर वाकडं आहे, मजकूर सरळ आहे.

आधीच सांगते. ह्यात हसण्यासारखं आहे तेवढं हसा. बाकीचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

मार्गासनीवरून वेल्ह्याकडं निघालं की ओढ्याकाठी आमचं गाव. खाली भाताची खाचरं, वर तोरणा. पंचमीला आमचा फेर धरला जातो तो गौरी जाईपर्यंत. लावणी नुकतीच उरकलेली असते, म्हणजे पंचमी येते तेव्हा बाईची कंबर आधीच मोडलेली असते. त्या मोडक्या कंबरेनं खेळायचं.

मारुतीच्या देवळापुढं मोकळी जागा आहे, एका अंगाला नागोबाचं वारूळ आणि दुसऱ्या अंगाला भिंत. जिचं अंग थकलं, ती भिंतीला. भिंतीला बसलेल्या बाईनं दुसऱ्यांची पोरं मांडीवर घ्यायची आणि टाळ्या वाजवायच्या. एकदा भिंतीला बसलेली बाई पुन्हा उठलेली मी बघितली नाही.

मला भिंत नको होती. माझी थोरली बहीण रखमा, माझी आक्का, तिलाही नको होती. कारण फेरातून उठलो असतो तर आम्हाला एकमेकींचा हात पुन्हा मिळाला नसता. ते कसं, ते सांगतेच. पण आधी कोंडाआजी, कारण आम्हाला टिकायला शिकवलं ते तिनं.

*

कोंडाआजी फेराची मुख्य. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या वाहून तिच्या पाठीला बाक आला होता. बाक आलेल्या बाईला फुगडीत मागं झुकता येत नाही, आणि मागं झुकल्याशिवाय फुगडी फिरत नाही. आजीनं काय करावं? तिनं झुकणं सोडलं आणि खाली बसल्यागत ढुंगण टेकवून फिरायला लागली. म्हणायची, "पाठ गेली तर जाऊ दे. बुडाला वजन हाय का न्हाई?"

तिची जोडीदारीण हिवतापानं गेली. त्या वयाच्या बाईशी जोड धरायला कुणी तयार होईना. पोरी लाजायच्या, सुना टाळायच्या, आणि आपण होऊन कुणापुढं हात करणं आजीच्या स्वभावात नव्हतं. जोड नाही म्हणजे भिंत, हा आमचा कायदा.

पंचमीच्या दिवशी आजी देवळापुढच्या लाकडी खांबापाशी गेली. डोईवरचा पदर काढून खांबाला वळसा घातला, दोन्ही टोकं मुठीत धरली, आणि खांबाभोवती अर्धा फेर इकडं, अर्धा फेर तिकडं, अशी एकटीच खेळली. गाव बघत उभं. देवळाचा गुरव म्हणाला, आजी, शोभतं का हे या वयात?

आजी दम खात म्हणाली, "ही जोड बरी हाय रे. माझ्या आदी मरायची न्हाई."

*

आता आमचं.

आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिल्या, दोन चुलतभावांना. आईला वाटलं, पोरी एकमेकींच्या नजरेत राहतील. राहिलो. नजरेतच राहिलो.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या लावणीला ओढ्याच्या पाटावरून भांडण लागलं. पाणी आधी कुणाच्या खाचरात, एवढंच. माझ्या सासऱ्यांनी फावडं उचललं आणि आक्काच्या धाकट्या दिराच्या दंडावर घातलं. हाड दिसत होतं. डोलीत घालून भोरच्या दवाखान्यात न्यायचं का नाही, ह्यावर पुरुषांची बैठक बसली, ती उठेपर्यंत जखम काळी पडली. मिसरूड फुटलेलं पोर गेलं. केस झाली. सगळ्या शिवारानं बघितलं होतं, पण कोर्टात कुणालाच काही दिसलं नव्हतं. सासरे सुटून आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

मग दोन्ही घरांनी देवीपुढं शपथ घेतली. ह्या घरचा विस्तू त्या घरी नाही, बोलणं नाही, पाणी नाही. त्या घागरीतला थेंब ह्या घरच्या तोंडात गेला तर पिणाऱ्याचा निर्वंश. आम्हा दोघींना कुणी विचारलं नाही. बायकांच्या वाटची शपथ पुरुषच घेऊन टाकतात, तेवढाच बायकांचा भाकरीचा टाइम वाचतो.

माहेरी भेटावं, तर माहेर मानमोडीच्या साथीत धुऊन निघालं होतं. आई, बाप, भाऊ, पाठोपाठ. आंबवड्याच्या घराला कडी घालायलासुद्धा आम्ही दोघी एकत्र गेलो नाही. तिला तिचे लोक घेऊन गेले, मला माझे.

दोन घरांच्या मधे निवडुंगाचं कुंपण. पलीकडं ती शेणी थापायची, अलीकडं मी. तिचा खोकला मला ओळखू यायचा. बहिणीतलं तेवढंच उरलं होतं.

पण आमच्या फेराची एक रीत आहे. फेरात पुढं केलेला हात नाकारायचा नाही. नाकारला तर नागाचा दोष लागतो, खाचरात पाय टाकला की डसतो, अशी गावाची समजूत. आणि खाचरात पाय तर सगळ्यांनाच टाकायचे असतात.

त्या साली पंचमीला आक्का फेर कापत चालत आली, माझ्यापुढं उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले. टाळ्या थांबल्या. मी धरले. आम्ही फिरलो. एक शब्द बोललो नाही.

घरी आले तर मालक दारात उभे. तोडलेल्या घराचा हात धरलास म्हणून अंगावर आले. मी म्हटलं, "माझं चुकलं असंल तर नागोबाला इचारा. वारूळ देवळापुढंच हाय. हात घाला आत."

घातला नाही. तेव्हापासून पंचमी ते गौर, एवढा आक्काचा हात माझा. भिंतीला बसलो असतो तर ती तिच्या घरच्या बायकांत बसली असती आणि मी माझ्या. भिंतीला कुणी कुणाचा हात धरत नाही.

*

पोरींची फुगडी बोटांची. बोटात बोट अडकवायचं, हात दोरीसारखे ताणायचे, पायाच्या अंगठ्याला अंगठा लावून अंग मागं टाकून द्यायचं. अंगात वारा भरल्यागत होतं. आम्ही दोघी तशाच खेळायचो, बरीच वर्षं.

मग लावणीच्या चिखलानं बोटं सुजायला लागली. भेगा पडल्या. एका पंचमीला ऐन वेगात आक्काची बोटं सुटली आणि मी जाऊन देवळाच्या पायरीवर आपटले. उजवा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज भिंतीच्या बायकांनीही ऐकला.

आवाज पुरुषांनीही ऐकला. माझा धाकटा दीर काठी घेऊन आला. मुद्दाम पाडली, म्हणाला. तिकडून आक्काचा नवरा दोघांना घेऊन आला. एक पोर मरून भागलं नव्हतं, आणखी एक निमित्त मिळालं होतं. दोन्हीकडच्या काठ्या वर. आणि मी मधे, हात मांडीवर घेऊन, मेलेल्या कोंबडीसारखा लोंबणारा.

मी बसल्या जागेवरून ओरडले, "पडले ती म्या. हाड माझं, बहीण माझी. तुमी कोन?"

काठ्या खाली आल्या. माझं ऐकून नाही, पावसाची सर आली म्हणून. पण मी माझ्यामुळंच आल्या असं सांगते.

धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून हाड बसवलं. हात थोडा वाकडाच राहिला. मालक म्हणाले, झाली हौस, आता भिंतीला बस.

पुढच्या पंचमीला कोंडाआजीनं आम्हा दोघींना पुढं ओढलं. माझी बोटं चाचपली, आक्काची चाचपली, बाजारात वांगी चाचपतात तशी. म्हणाली, "बोटं म्हातारी झाली तुमची. आता मनगट धरा."

तिनं करून दाखवलं. मी तिचं मनगट धरायचं, तिनं माझं. हात आखूड. पाय जवळ न ठेवता वीतभर लांब. गुडघा जरा मोडायचा. अंग मागं टाकायचं नाही, नुसतं सोडायचं. चक्कर लहान, वेग कमी. पहिल्यांदा लाज वाटली. आमची फुगडी म्हणजे घाण्याचा बैल फिरावा तशी. पण सुटेना. ओढलं तरी सुटेना.

फक्त बांगड्या फुटल्या. चारी मनगटांतून रक्त आलं. घरी सासू म्हणाली, सवाशिणीची बांगडी फुटली, अपशकुन झाला. मी म्हटलं, "फुटली ती काच. नवरा हा काय, भाकरी खातोय."

*

तानूचा किस्सा मधेच सांगते, नाही तर राहून जाईल.

तानू आमच्याच वयाची. फुगडीत तोंडानं फू-फू करत ताल धरतात, त्यात तिचा हात धरणारी गावात नव्हती. दोन आळ्या पलीकडं ऐकू जायचं. तिच्या नवऱ्यानं एकदा कालवणात मीठ जास्त झालं म्हणून तांब्या फेकून मारला. पुढचे दात गेले. वेल्ह्याला फौजदार येतो, त्याच्याकडं जा, असं कुणी तरी म्हणालं. तानू म्हणाली, फौजदाराच्या बायकोला तरी दात असतील का, आधी बघून या.

दात नाहीत म्हणजे फू निघत नाही. नुसती हवा फसफसते, ताल चुकतो, पाय अडखळतो. पंचमीला पोरी फिदीफिदी हसल्या. तानू गुमान भिंतीकडं निघाली होती. कोंडाआजीनं हाक मारून विचारलं, घसा तुझा त्यानं नेला का?

मग तानूनं नवी तऱ्हा काढली. ओठांनी फू करायचं सोडलं आणि घशातून हुंकार काढायला लागली. हूं, हूं, हूं. आणि ती फुगडी ती देवळापुढं घालेना. चावडीपुढं घालायची, जिथं तिचा नवरा पान खात बसलेला असायचा. तो उठून गेला की जोड घेऊन जिथं गेला तिथं.

त्यानं एकदा हात जोडले, म्हणाला, बाई, बास कर. तानू थांबली, घाम पुसला आणि म्हणाली, "दात तुमच्यापाशी. आवाज माझ्यापाशी. ज्याचं त्यानं ठिवावं."

तो मरेपर्यंत तिनं त्याच्या कालवणात मीठ घातलं नाही. आता हे खरं का खोटं, मला माहीत नाही. तानू सांगते.

*

लढाईच्या वर्षांत आक्काचा नवरा हिवतापानं गेला. कोयनेलच्या गोळ्या भोरपर्यंत मिळत नव्हत्या म्हणाले. मिळाल्या असत्या तरी आणायला कोण जाणार, असंही म्हणाले.

कुंपणापलीकडून आक्काचा टाहो आला. शेजारचं पोर जरी मेलं तरी गाव चूल पेटवत नाही. आमच्या सासूनं त्या दिवशी मुद्दाम कढई चढवली. तळणीचा वास पलीकडं जावा म्हणून. घरात तेल दुर्मीळ, रॉकेल रेशनवर, आणि म्हातारीनं वासासाठी तेल ओतलं.

मी कढई उतरवली आणि चुलीच्या राखेत पालथी केली. त्याबद्दल जे मिळायचं ते मिळालं. पण बहिणीच्या दारात रडायला जाता आलं नाही ते नाहीच. कुंपणाशी उभी राहिले. तिच्या बांगड्या दगडावर फोडल्याचा आवाज आला. तो ऐकला आणि आत येऊन भांडी घासली.

पंचमी आली. आक्का येते का नाही, माझा जीव टांगणीला. पांढऱ्या कपाळाची बाई सणाच्या फेरात चालेल का, ह्यावर आधीच कुजबुज चालू. आक्का आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. सखू नावाची एक आहे आमच्यात, ती लगेच बोलली, की अशा बाईनं भिंतीला बसावं, सवाशिणींचा खेळ आहे.

कोंडाआजी स्वतः लहानपणीच रांडावलेली. तिनं सखूकडं बघितलंही नाही. वारुळाकडं बोट केलं आणि म्हणाली, "नागीन कुकू लावती का गं?"

संपलं. सखूनंच मग टाळ्या धरल्या.

आक्कानं माझं मनगट धरलं, मी तिचं. सहा महिन्यांत वाळून काटकी झाली होती. दोन चकरा झाल्या आणि ती पहिल्यांदा बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "बांगड्या न्हाईत तर मनगट कसं घट बसतंय, न्हाई का गं चिमे?"

जवळच्या बायका हसल्या. मीही हसले. फिरताना डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, कानाकडं जातं. ते मला त्या दिवशी समजलं.

*

त्यानंतर आमची फुगडी फारच हळू झाली. माझा गुडघा वाजायला लागला, तिला घेरी यायची. मग आम्ही अर्ध्यात दिशा बदलायची तऱ्हा काढली. चार चकरा उजव्या, थांबायचं, चार डाव्या. घेरी उतरते.

वेग होता तोवर हात होता, पण बोलायला दम नव्हता. वेग गेला आणि बोलता यायला लागलं. म्हातारपणानं दिलं असं हे एकच. पण शपथ होती, बोलणं नाही. दोन्ही घरच्या बायका कान देऊन. मग आम्ही गाण्यात बोलायला लागलो. फुगडीत दोन ओळी जोडून म्हणतात, त्याला कुणाची बंदी?

आक्कानं एकदा म्हटलं:

कोनाड्यात ठेवली सुई,
माझी सून झाली आई.

असं मला समजलं, की आक्का आजी झाली. मधे एक कुंपण, आणि मला पंचमीपर्यंत पत्ता नव्हता. पोराचा आवाज यायचा, पण मला वाटलं सुनेच्या बहिणीचं असेल.

मी उत्तर दिलं:

उंबऱ्यात सांडली राख,
जावयानं टाकली लेक.

आक्काचा पाय जागीच थांबला. माझी लेक परत येऊन चार महिने झाले होते, घराबाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. फेरातल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. ओळ चांगली जमली म्हणून पिटल्या का कळलं म्हणून पिटल्या, कोण जाणे.

पोरी कुरकुरायच्या, की म्हाताऱ्या जागा अडवून बसतात. एकदा एकीला मी थांबवून म्हटलं, "तुला आईशी बोलायचं असंल तर तू हाक मारतीस. आमाला फिरावं लागतं."

पुढं गुडघा उभ्यानं फार वेळ फिरू देईना. मग आम्ही जमिनीवर बसलो. पाय लांब, तळव्याला तळवा लावलेला, मनगटं धरलेली. तिनं ओढलं की मी पुढं, मी ओढलं की ती पुढं. एक नवी सून, पुण्याकडची, तोंडाला पदर लावून म्हणाली, ही कसली फुगडी, हे तर दळण.

कोंडाआजी तेव्हा भिंतीला नव्हतीच, खांबाला टेकून होती. तिनं विचारलं, "घाम आला का दोघींस्नी?"

आला होता.

"मग फुगडी."

त्या पावसाळ्यात आजी गेली. खांब आहे.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला पुरा सांगितलेला नाही.

भोरचं संस्थान गेलं त्याच साली, लावणी चालू असताना, आक्का खाचरातच पडली. उचलून आणली तर उजवं अंग गेलेलं. हात, पाय, अर्धं तोंड. मला हे कुंपणाच्या पलीकडच्या बोलण्यावरून कळलं. तिच्या घरच्यांनी तिची बाज पडवीत टाकली होती. माझी लेक शेणाला गेली की डोकावून यायची आणि सांगायची, मावशी अजून हाय.

पंचमी आली. मी फेरात उभी राहिले. पोरी फिरत होत्या, टाळ्या चालू होत्या, आणि माझे हात रिकामे. सखू माझ्यापुढं आली, तिनं हात पुढं केले. सखूनं. रीत आहे, नाकारता येत नाही. धरले. एक चक्कर घातली, तिच्या मनगटात हाडं चुकीच्या जागी होती. मी हात सोडले आणि म्हटलं, फेर हलवायचा.

टाळ्या वाजवत आम्ही देवळापासून निघालो, आळीतून खाली. शपथेनंतर माझ्या घरचं कुणी आक्काच्या आवाराच्या दारातून आत गेलं नव्हतं. दारात आक्काचा थोरला, महादू, पराणी घेऊन उभा. पराणी म्हणजे बैल हाकायची, टोकाला खिळा असलेली काठी. तो रांगत होता तेव्हा माझ्या कडेवर असायचा. शपथ झाल्यापासून त्यानं मला हाक मारली नव्हती. आता मारली, ती हाकलायला.

म्हणाला, "मावशी, हितनं मागं फिरा. तिला उठता येत न्हाई. खेळ सपला तिचा."

"उठायला कोन सांगतंय?"

"सपत हाय."

"सपत तुमी पुरुषांनी घेतली. म्या तवा भाकऱ्या थापत हुते."

तो हलला नाही. मागं बायकांच्या टाळ्या थांबल्या नाहीत. तानूनं घशातून हूं काढायला सुरुवात केली. महादूनं पराणी ह्या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता घालतो. एका पोराच्या दंडावर फावडं घालणाऱ्या घरची मी. घातली असती तर त्याला काय म्हणणार होते? पण तो बाजूला सरकला. वीतभर. एका बाईपुरता. आम्ही एकामागून एक गेलो.

आक्का पडवीत. अर्धा चेहरा झोपलेला, अर्धा जागा. मला बघून जागा अर्धा हलला. बाज चौघींनी अंगणात आणली. कुणी ठरवलं नाही, पण चौघींनी चार खूर धरले, कंबरेपर्यंत उचलली. खांद्यावर घेतली नाही. सखूचा हात एका खुराला होता. मी आक्काचं डावं मनगट धरलं. तिनं माझं धरलं, माझ्या मोडून वाकड्या झालेल्या हाताचं.

आणि फिरलो. बाज मधल्या मधे, चौघी बारीक पावलांनी, मी बाहेरून. चार चकरा उजव्या, चार डाव्या. आक्काच्या तोंडाच्या जाग्या कोपऱ्यातून हवा निघत होती. फू म्हणता येत नव्हतं, पण हवा निघत होती. महादूची बायको हिरा दारात उभी. तिच्या कडेवरचं पोर टाळ्या वाजवत होतं, त्याला काय कळतंय.

बाज खाली ठेवली. धारा काढायची वेळ झाली, बायका एकेक करत गेल्या. मी उठायला गेले, तर आक्काची बोटं सुटेनात. गंमत वाटली आधी. म्हटलं, आक्के, सोड, घरी जायचंय. सोडेना. महादू जवळ आला, म्हणाला, आये, सोड तिला. वाकून तिचं एकेक बोट उलगडायला लागला. एक उलगडावं तर दुसरं मिटायचं. घाम आला त्याला. दमून बाजेच्या कडेला बसला.

दिवेलागण झाली. कुंपणापलीकडून माझ्या घरच्यांच्या हाका यायला लागल्या. चिमे, ए चिमे. मी ओ दिली नाही.

हिरा आतून तांब्या घेऊन आली. ती महादूकडं बघत होती. महादू जमिनीकडं बघत होता. तिनं तांब्या पुढं केला.

"मावशी, पानी घ्या."

माझ्या डोळ्यापुढं माझी लेक आली, माझे दोन मुलगे आले. निर्वंश म्हणाले होते. आक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिचा उघडा डोळा तांब्यावर होता.

मी डाव्या हातानं तांब्या घेतला आणि प्याले. सगळा प्याले.

तेव्हा आक्कानं मनगट सोडलं.